सेइजी ओझावा: ऑर्केस्ट्राचा माणूस ऑपेराच्या पिटमध्ये कसा उतरला?

रानपाखरू

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या श्रवणगटात जपानी कंडक्टर सेइजी ओझावांवर दीड तासाचं सत्र घ्यायचं ठरलंय. ऐकणारे बहुतेक हिंदुस्थानी संगीतातले. सिम्फनी थोडीफार कानावरून गेलेली, ऑपेरा जवळजवळ नाहीच.

सांगाडा माझ्याकडे आहे: १ सप्टेंबर १९३५ ला शेनयांगमध्ये जन्म, १९७३ ते २००२ बॉस्टन सिम्फनीचे संगीत दिग्दर्शक, २००२ ते २०१० व्हिएन्ना स्टेट ऑपेराचे, ६ फेब्रुवारी २०२४ ला टोकियोत निधन. अडतंय ते पुढे. त्यांनी पहिला ऑपेरा केला तो थेट १९६९ साली, साल्झबर्गला. तोवर टोरंटोच्या ऑर्केस्ट्राची चार वर्षं होत आली होती. मग ऑपेराचं शिक्षण झालं कुठे? की ते ऑर्केस्ट्राच्या जोरावरच निभावलं? व्हिएन्नातल्या त्यांच्या कारकिर्दीबद्दल इतकी उलटसुलट मतं का आहेत? आणि गुरू हिदेओ साइतो यांच्या 'पद्धती'चा उल्लेख सगळीकडे येतो, पण ती पद्धत म्हणजे हाताने नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

शेवटी काय ऐकवावं, हेही सुचवा. चरित्रातले भावुक किस्से नकोत, कामाचं हवं.

---

कोमल_ऋषभ

शिक्षणापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

ओझावा आधी पियानोच शिकत होते. शाळेत रग्बी खेळताना बोटं मोडली, आणि त्यानंतर ते साइतोंकडे कंडक्टिंग शिकायला गेले. साइतो मूळचे चेलोवादक. जर्मनीत लाइप्झिगला क्लेंगेल आणि बर्लिनला फॉयरमान यांच्याकडे शिकलेले. टोकियोच्या तोहो गाकुएन संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा उभा केला. म्हणजे ओझावांचा पाया तंतुवाद्यांच्या तालमीत घातला गेला: बो (गज) कुठे उचलायचा, वाक्य कुठे श्वास घेतं, मागच्या बाकावरचा व्हायोलिनवाला पुढच्याच्या किती मागे पडतो. गायकाबरोबर पियानोवर बसून भूमिका बसवून घेणं हा भाग त्या शिक्षणात नव्हता. त्या काळच्या टोकियोत कायमचं ऑपेरा हाउसही नव्हतं. जपानी नभोवाणीने, म्हणजे एनएचकेने, इटालियन गायकांचे संच बोलवायला सुरुवात केली १९५६ साली, आणि टोकियोचं न्यू नॅशनल थिएटर उघडलं ते थेट १९९७ ला.

आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांशी इथे तुलना करून पाहा. वय जवळपास तेच (मेहता एप्रिल १९३६ चे), दोघंही आशियातून गेलेले, दोघांनाही पहिला मोठा ऑर्केस्ट्रा कॅनडात मिळाला: मेहतांना माँट्रियल १९६१ ला, ओझावांना टोरंटो १९६५ ला. पण मेहता विद्यार्थी म्हणून व्हिएन्नात होते. तिथे स्टेट ऑपेराचा पडदा जवळजवळ रोज वर जातो आणि विद्यार्थी उभ्याच्या स्वस्त तिकिटात तो बघतात. १९६५ च्या डिसेंबरात मेहता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'आयदा' करत होते. ओझावांना ही रोजची संगत मिळाली नाही.

त्यांची वाट अशी: १९५९ ला मालवाहू जहाजाने मार्सेय, तिथून स्कूटरवर पॅरिस. त्याच वर्षी बेझाँसोंची कंडक्टिंग स्पर्धा. अर्जाची मुदत टळून गेली होती, पॅरिसमधल्या अमेरिकन दूतावासाच्या मदतीने प्रवेश मिळाला, आणि ते पहिले आले. परीक्षकांत शार्ल म्युन्श होते, बॉस्टनचे तेव्हाचे संगीत दिग्दर्शक. पुढच्या उन्हाळ्यात टँगलवूडला कूसेविट्स्की पारितोषिक. मग बर्लिनमध्ये तिथल्या फिलहार्मोनिकचे कंडक्टर कारायान यांच्याकडे शिष्यवृत्ती, आणि १९६१-६२ च्या हंगामात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये बर्नस्टाइनचे सहायक.

सहायकाचं काम कागदावर किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात आठवड्याच्या कार्यक्रमातली प्रत्येक रचना डोक्यात तयार ठेवायची, तालमीत सभागृहात मागे बसून 'चौथ्या रांगेतले ओबो ऐकू येत नाहीत' असं टिपायचं, आणि मुख्य कंडक्टर आजारी पडला तर एकही तालीम न घेता उभं राहायचं. ओझावांच्या सुप्रसिद्ध पाठांतराची सवय या कामाला फार उपयोगी पडली असणार. पुढे आयुष्यभर ते बहुतेक वेळा समोर स्कोअर (सगळ्या वाद्यांची छापील स्वरलिपी) न ठेवता उभे राहिले.

मधला एक खड्डा सत्रात जरूर सांगा, कारण पुढची तीस वर्षं त्यातून घडली. डिसेंबर १९६२ मध्ये टोकियोच्या एनएचके सिम्फनीच्या वादकांनी त्यांच्या हाताखाली वाजवायला नकार दिला. जानेवारी १९६३ मध्ये जपानी लेखक-कलावंतांनी त्यांच्यासाठी वेगळी मैफल भरवली, पण ओझावांनी मुक्काम अमेरिकेत हलवला. त्या ऑर्केस्ट्रासमोर ते पुन्हा उभे राहिले १९९५ साली. मधल्या काळात रॅव्हिनियाचा उन्हाळी महोत्सव (१९६४ ते ६८), टोरंटो (१९६५ ते ६९), सॅन फ्रान्सिस्को आणि बॉस्टन. सगळी ऑर्केस्ट्राची पदं. ऑपेरा त्यात पाहुण्यासारखा येऊन जायचा.

---

तिसरी_घंटा

वरच्या प्रतिसादाला धरून पुढे. ऑपेरात कंडक्टर तयार होण्याची युरोपातली रूढ वाट म्हणजे लहान जर्मन नाट्यगृहात रिहर्सल पियानिस्ट म्हणून लागणं. गायकाला भूमिका घोकून घ्यायची, मग कोरसची जबाबदारी, मग रंगमंचामागच्या वादकांना इशारा द्यायचा, मग एखाद्या रविवारी दुपारचा प्रयोग हाती. दहा वर्षांत चाळीसेक ऑपेरे अंगात मुरतात. ओझावांनी ही शिडी चढलीच नाही. कारायानच्या आग्रहाने ते ऑपेराकडे वळले आणि वरच्या मजल्यावरूनच आत आले: साल्झबर्ग महोत्सव, पिटमध्ये (रंगमंचापुढच्या, वादक बसतात त्या खोलगट जागेत) व्हिएन्ना फिलहार्मोनिक, आणि रचना मोत्सार्टची 'कोसी फान तुत्ते'.

पहिल्या ऑपेरासाठी 'कोसी' अवघड. पात्रं फक्त सहा, पण एकल गाण्यांपेक्षा द्वंद्वं, त्रिगानं, षट्गानं जास्त. मधल्या संवादगायनाला फक्त हार्प्सिकॉर्डची साथ असते आणि तिथे कंडक्टरने हात हलवायचा नसतो. संवाद संपून ऑर्केस्ट्रा घ्यायची वेळ येते तेव्हा गायकाच्या शेवटच्या इटालियन शब्दावर नेमका इशारा द्यावा लागतो. भाषा कानात बसलेली नसेल तर इशारा एक अक्षर उशिरा पडतो आणि नाटकाचा वेगच बसतो.

ऑर्केस्ट्राच्या व्यासपीठावर नसलेली दुसरी अडचण अंतराची आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. गायक पिटपासून २० मीटर मागे उभा असेल तर ऑर्केस्ट्रा त्याच्यापर्यंत ०.०६ सेकंद उशिरा पोचतो. तो कानाने ऐकून गायला तर त्याचा आवाज परत यायला आणखी तेवढाच वेळ. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेचा चौथा हिस्सा ०.१२५ सेकंदाचा. म्हणजे येऊन-जाऊन जवळजवळ पाव मात्रा घसरली! म्हणून गायकाने डोळ्याने गायचं असतं, कानाने नाही. कोरस खोल रंगमंचावर असला की कंडक्टरला त्यांना किंचित पुढे ओढून धरावं लागतं. पडद्यामागचा कोरस तर टीव्हीच्या पडद्यावर कंडक्टर बघतो आणि तिथला सहायक मुद्दाम हाताच्या आधी हात टाकतो. नवखा कंडक्टर नेमकं उलट करतो: कोरस मागे पडला असं वाटून थांबतो, त्यांना सावरून घ्यायला जातो, आणि चार मापांत सगळा ऑर्केस्ट्रा सुस्तावतो.

आता तालमींचा क्रम. नवी निर्मिती असेल तर आधी पियानोवर गायक, मग पियानोवरच रंगमंचाच्या तालमी (चार-सहा आठवडे), मग गायक आणि ऑर्केस्ट्रा नुसते बसून एकत्र, मग रंगमंचावर ऑर्केस्ट्रासह, शेवटी रंगीत तालीम. यात कंडक्टरला शिकायला आणि शिकवायला वेळ मिळतो. ओझावांचे उत्तम ऑपेरे याच प्रकारात झाले. सगळ्यात मोठा पुरावा पॅरिसचा: २८ नोव्हेंबर १९८३ ला पॅले गार्निएमध्ये मेसियाँच्या 'सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी'चा पहिला प्रयोग. तीन अंक, आठ दृश्यं, नुसतं संगीत चार तासांच्या आसपास, दीडशेचा कोरस, तीन ओंद मार्तनो (विजेवर चालणारं फ्रेंच वाद्य), आणि पिटमध्ये मावणार नाही एवढा ऑर्केस्ट्रा. मुख्य भूमिकेत होजे व्हान डाम. मेसियाँने ओझावांना निवडलं त्याला कारण होतं. याच संगीतकाराची 'तुरांगालीला' सिम्फनी त्यांनी टोरंटोत ध्वनिमुद्रित करून दाखवली होती. पक्ष्यांच्या आवाजांचे जे भाग आहेत तिथे वादकांच्या लयी एकमेकींना छेदत जातात आणि कंडक्टरला वाहतूक पोलिसासारखं प्रत्येकाला स्वतंत्र इशारा द्यावा लागतो. ज्याच्या हाताची खूण स्वच्छ आहे तोच इथे टिकतो.

याउलट इटालियन ऑपेरे. मिलानच्या ला स्काला ऑपेरात गायक पावारोत्तीबरोबर पुच्चिनीचा 'तोस्का' केला तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली होती. पुच्चिनीत गायक स्वर किती ताणणार, कुठे श्वास चोरणार, याची एक अलिखित परंपरा आहे आणि मिलानच्या वरच्या गॅलरीतला श्रोता ती पाठ करून आलेला असतो. स्कोअर कितीही तोंडपाठ असला तरी ही परंपरा त्यात छापलेली नसते.

---

मंद्र_षड्ज

साइतो पद्धतीबद्दल. त्यांचं कंडक्टिंगचं पाठ्यपुस्तक १९५६ ला निघालं आणि जपानमध्ये आजही वापरात आहे. सगळं सांगत नाही, तीन मूळ हालचाली सांगतो. तुमच्या श्रोत्यांना त्या जागेवर बसून करून बघता येतील, आणि सत्रात दहा मिनिटं त्यासाठी जरूर ठेवा.

पहिली 'तताकी'. हात कपाळाच्या उंचीवर, मनगट सैल. हात सोडून द्यायचा, ढकलायचा नाही. वजनाने तो वेग घेत खाली येतो, छातीखाली एका ठरावीक बिंदूवर आपटल्यासारखा होतो आणि उसळून वर जातो. वर जाताना वेग मंदावतो, टोकाला क्षणभर थांबल्यासारखा होतो, पुन्हा पडतो. वादक तो बिंदू पाहत नाही. पडण्याचा वेग बघून बिंदू कधी येणार याचा अंदाज बांधतो, आणि म्हणूनच शंभर माणसं एकदम वाजवतात. नेहमीची चूक: हात स्नायूंनी दाबून खाली आणणं. मग पडण्याचा वेग दर वेळी वेगळा होतो आणि अंदाज चुकतो. दुसरी चूक, बिंदूवर हात थांबवणं. उसळी नसेल तर पुढची मात्रा किती लांब आहे ते कळत नाही.

दुसरी 'शाकुई'. हात खालून वाटीसारखा वळतो, बिंदू असतो पण आपटत नाही, वेगातला फरक कमी. मध्यम लयीच्या, गाणाऱ्या वाक्यांसाठी. तिसरी 'हेइकिन उन्दो', म्हणजे सगळीकडे समान वेग, बिंदूच नाही. संथ, अखंड वाहणाऱ्या तंतुवाद्यांसाठी. साइतो विद्यार्थ्यांकडून एकेक हालचाल महिनोन् महिने घोटून घेत. शिवाय आगाऊ सूचना देणारी 'सेन्न्यू' आहे: मात्रा यायच्या आधीच हात तिथे जाऊन थांबतो.

यातली तताकी आणि सेन्न्यू पिटमध्ये फार कामाची. गायक वीस मीटरवर, तोंडावर दिवे, कंडक्टर अंधारात. त्याला दिसतो तो फक्त हात. ओझावांचा हात तिथेही वाचता यायचा, याबद्दल गायक-वादकांत दुमत नव्हतं. उतारवयात ते बॅटनशिवाय (छडीशिवाय) हातांनीच करत. तेव्हाच्या चित्रफिती बघितल्या तर बिंदू मनगटातून बोटांत गेलेला दिसतो, पण पडणं-उसळणं तेच.

चित्रफीत दाखवणार असाल तर आधी आवाज बंद करून अर्धा मिनिट दाखवा आणि लोकांना टाळी द्यायला सांगा. आपल्याकडचे श्रोते समेवर टाळी द्यायला सरावलेले असल्याने ते बिंदूवर टाळी देतील. मग आवाज चालू करा. ऑर्केस्ट्रा, विशेषतः जर्मन-ऑस्ट्रियन, बिंदूच्या थोडा नंतर वाजतो हे त्यांच्या लगेच लक्षात येईल.

---

उत्तररात्र

तिसरी_घंटा यांचं बरंचसं पटतं, पण व्हिएन्नाबद्दल न्याय व्हायला हवा.

स्टेट ऑपेरात दोन वेगळी पदं आहेत. संस्थेचा संचालक ठरवतो की कोणते ऑपेरे, कोणते गायक, किती प्रयोग. ओझावांच्या काळात ते होते इओआन होलेंडर. संगीत दिग्दर्शक काही नव्या निर्मिती आणि ठरावीक रात्री करतो, वादकांच्या निवडीत त्याचं मत असतं. बॉस्टनमध्ये ओझावांच्या हातात संगीताची जवळजवळ पूर्ण सत्ता होती, इथे तशी नव्हती. त्यांच्या नावावर प्रत्येक सुमार प्रयोगाचं खापर फोडणारे हे विसरतात.

दुसरं, तिथली रिपर्टरी पद्धत. हंगामात पन्नासच्या आसपास वेगवेगळे ऑपेरे आलटून पालटून होतात. जुन्या निर्मितीचा प्रयोग पुन्हा लागतो तेव्हा ऑर्केस्ट्राबरोबर बहुधा एकही तालीम नसते. वादकही पाळीने बसतात, त्यामुळे काल तालमीला असलेला क्लॅरिनेटवाला आज असेलच असं नाही. तालमीत घडवून घेण्याची ज्यांची रीत आहे अशा कुठल्याही कंडक्टरला ही व्यवस्था जाचते. ओझावांचं बळ तालमीत होतं. त्यांना तिथे जे नवं करायला मिळालं ते बघा: यानाचेकचा 'येनुफा', क्रेनेकचा 'जॉनी श्पील्ट आउफ' (हा व्हिएन्नात किती दशकांनी पुन्हा ऐकू आला!), वाग्नरचा 'फ्लाइंग डचमन'. ही निवड विसाव्या शतकाकडे आणि ऑर्केस्ट्राच्या बाजूला झुकलेली आहे, आणि तिथेच ते घरचे होते.

तिथे त्यांचं पहिलं पाऊलही लक्षात घ्या. १९८८ साली 'यूजीन ओनेगिन', तात्यानाच्या भूमिकेत मिरेला फ्रेनी. १९९२ ला मेट्रोपॉलिटनमध्येही पदार्पण त्याच ऑपेराने, त्याच गायिकेबरोबर. चायकोव्स्कीत वाक्याची लांबी ऑर्केस्ट्रा ठरवतो, गायक त्यात स्वार होतो. ओझावांना हे चपखल बसायचं.

टीका करायचीच तर ती बॉस्टनवर करावी. एकोणतीस हंगाम हा त्या ऑर्केस्ट्राच्या इतिहासातला सर्वांत मोठा काळ, आणि माझ्या मते किमान दहा वर्षं जास्तीचा. शेवटच्या दशकात बेथोव्हेन-ब्राम्सच्या वाचनात नवं काही येत नव्हतं अशी तक्रार समीक्षक करत, आणि ती खोटी नव्हती. त्याच काळात जपानमधल्या मात्सुमोतोला साइतो किनेन ऑर्केस्ट्राबरोबर तेच ओझावा पेटलेले असायचे. त्या ऑर्केस्ट्राची सुरुवात १९८४ ची, साइतोंच्या दहाव्या स्मृतिवर्षातल्या मैफिलीपासून. जगभर पांगलेले शिष्य एकत्र आले, काझुयोशी आकियामा आणि ओझावा यांनी कंडक्ट केलं. १९९२ पासून मात्सुमोतोला महोत्सव, आणि त्यात पहिल्या वर्षापासून ऑपेरा.

---

रानपाखरू

अप्रतिम माहिती, सगळ्यांचे आभार. दोन पुरवणी प्रश्न. शिडी चढून आलेल्या जपानी कंडक्टरचं उदाहरण आहे का, म्हणजे फरक दाखवता येईल? आणि १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये पाच खंडांतले कोरस एकाच वेळी गायले, ते खरंच एकाच वेळी होतं का? वर अंतराचं गणित वाचल्यावर तर अशक्य वाटतंय.

---

तिसरी_घंटा

आहे, आणि फार चांगलं उदाहरण आहे: काझुशी ओनो, जन्म १९६०, टोकियो. टोकियो कला विद्यापीठातून थेट म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेरात, सावालिश आणि पाताने यांच्या हाताखाली. १९८७ ला तोस्कानिनी स्पर्धा जिंकली. मग झाग्रेब फिलहार्मोनिक, तेही युगोस्लाव्हिया फुटत असतानाच्या वर्षांत. १९९६ ते २००२ कार्ल्सरूहच्या नाट्यगृहाचे मुख्य संगीत दिग्दर्शक. हे मधल्या आकाराचं जर्मन घर, जिथे वाग्नरपासून ऑपेरेटापर्यंत सगळं करावं लागतं. तिथून ब्रसेल्सचं ला मोने (२००२ ते ०८), ल्यों (२००८ ते १७), आणि २०१८ पासून टोकियोच्या न्यू नॅशनल थिएटरमध्ये ऑपेराचे कलात्मक संचालक.

फरक कामात दिसतो. ओनो घर चालवतात: नव्या रचना मागवतात, गायकांचा संच बांधतात. बुस्मान्सचा 'ज्युली', होसोकावांचा 'हांजो', आणि टोकियोत निशिमुरांचा 'आस्टर्स' (२०१९) व फुजिकुरांचा 'अ ड्रीम ऑफ आर्मगेडन' (२०२०), या सगळ्यांचे पहिले प्रयोग ओनोंच्या हातचे. ओझावा एकेक निर्मिती पर्वतासारखी उभी करत आणि पुढच्या पर्वताकडे वळत.

उणीव ओझावांना स्वतःला दिसत असावी, असं माझं अनुमान. कारण २००० साली त्यांनी तरुणांसाठी 'ओंगाकु-जुकु' हा उपक्रम काढला तो ऑपेरावरच बेतलेला. पहिलं वर्ष 'फिगारो'चं. तरुण वादकांना अनुभवी वादक विभागवार शिकवतात, मुख्य भूमिकांत नावाजलेले गायक, त्यांच्या मागे तरुण पर्यायी गायक तालमी करतात, आणि शेवटी खरा प्रयोग. म्हणजे जी शिडी जपानमध्ये नव्हती तिच्या चार पायऱ्या त्यांनी बांधून दिल्या. या पिढीचं नाव सांगायचं तर नोदोका ओकिसावा सांगा: २०१९ ला बेझाँसों जिंकल्या, ओझावांनंतर बरोबर साठ वर्षांनी, आणि २०२२ ला मात्सुमोतोच्या महोत्सवात 'फिगारो' त्यांनीच कंडक्ट केला.

---

मंद्र_षड्ज

नागानोचं उत्तर: ऐकणाऱ्याला एकाच वेळी, गाणाऱ्यांना नाही.

७ फेब्रुवारी १९९८. ऑर्केस्ट्रा, एकल गायक आणि ओझावा नागानोतच, पण स्टेडियममध्ये नाही, शहरातल्या सभागृहात. फेब्रुवारीतल्या थंडीत उघड्यावर तंतुवाद्यांचे सूर टिकले नसते. बेथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीचा शेवटचा भाग. चित्र आणि आवाज उपग्रहाने बीजिंग, सिडनी, बर्लिन, दक्षिण आफ्रिका आणि न्यूयॉर्कला गेला. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर. वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जातो, दोन उपग्रहांची साखळी असेल तर अर्धा. प्रत्येक कोरस आपल्यापर्यंत पोचलेल्या हाताबरोबर गायला, म्हणजे आधीच उशिरा, आणि त्यांचा आवाज परत यायला पुन्हा तेवढाच वेळ. पाचही ठिकाणांचा उशीर वेगवेगळा.

उपाय असा की सगळ्यात जास्त उशीर ज्याचा त्याच्या बरोबरीला बाकीच्यांना मुद्दाम रोखायचं, आणि नागानोचा ऑर्केस्ट्राही तेवढाच थांबवून मग सगळं मिसळून सोडायचं. यासाठी खास टाइम लॅग अ‍ॅडजस्टर वापरला. यात एक पथ्य कडक: ओझावांच्या कानात परत आलेला कोरस पडता कामा नये. पडला असता तर ते त्याच्यासाठी थांबले असते, ते थांबलेले पाहून कोरस आणखी थांबला असता, आणि दोन पानांत लय कोसळली असती. लयीच्या बाबतीत त्यांनी एकतर्फी, कोरसकडून कसलाही प्रतिसाद न घेता वाजवून घेतलं. वर लिहिलेल्या तताकीचा बिंदू हजारो किलोमीटरवर छोट्या पडद्यावर ओळखू येणं म्हणजे काय, ते या चित्रफितीत दिसतं.

---

तारसप्तक

ऐकवण्याची यादी मी देतो. दीड तासात संगीत ५० ते ५५ मिनिटांच्या वर नेऊ नका, बोलायला जागा उरणार नाही.

सुरुवात बेर्लिओझच्या 'सिम्फनी फँतास्तिक'च्या चौथ्या भागाने करा, आणि एकच भाग दोनदा ऐकवा: टोरंटो (१९६६) आणि साइतो किनेन (२००७). चाळीस वर्षांचं अंतर दहा-बारा मिनिटांत ऐकू येतं. मग 'तुरांगालीला'चा पाचवा भाग, टोरंटो १९६७, सुमारे साडेसहा मिनिटं. पियानोवर इव्होन लोरियो, ओंद मार्तनोवर जान लोरियो. त्यानंतर ताकेमित्सूच्या 'नोव्हेंबर स्टेप्स'ची सुरुवातीची सहा-सात मिनिटं. ही रचना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १२५ व्या वर्षासाठी, ९ नोव्हेंबर १९६७ ला ओझावांनीच पहिल्यांदा केली. बिवा (तंतुवाद्य) आणि शाकुहाची (बांबूची बासरी) या जपानी वाद्यांना ऑर्केस्ट्रा साथ करत नाही, समोरासमोर उभा राहतो. बासरी ऐकलेल्या कानांना शाकुहाचीतला फुंकरीचा खरखरीत आवाज लगेच जवळचा वाटेल. याचीही ओझावांची दोन ध्वनिमुद्रणं आहेत, टोरंटो आणि साइतो किनेन. लावण्याआधी ऑर्केस्ट्राचं नाव तपासा, नाहीतर बोलणार एकाबद्दल आणि वाजणार दुसरंच.

ऑपेरात रिचर्ड स्ट्राउसचा 'एलेक्ट्रा' (बॉस्टन, १९८८ चं जिवंत ध्वनिमुद्रण, हिल्डेगार्ड बेरेन्स). ओरेस्टची ओळख पटते तो प्रसंग, आठ-दहा मिनिटं. बहिणीच्या तोंडून भावाचं नाव फुटतं आणि शंभरावर वादकांचा ऑर्केस्ट्रा फुटतो, मग हळूहळू निवळत जातो. ते निवळणं ऐकायला सांगा. ओझावांची सगळी करामत त्या उतरणीत आहे. आवाज कुणीही वाढवू शकतं, पण इतक्या थरांचा गोंगाट एकेक थर ओळखू येईल असा विझवणं फार थोड्यांना जमतं.

शेवटी राव्हेलचा 'लांफाँ ए ले सॉर्तिलेज', मात्सुमोतो २०१३, इझाबेल लेनर्ड. याला २०१६ ला सर्वोत्कृष्ट ऑपेरा ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं. पूर्ण ऑपेरा पाऊण तासाचा, तुम्ही घड्याळापासून मांजरांच्या द्वंद्वापर्यंत ऐकवा. कथा दोन वाक्यांत सांगून होते: खोडकर मुलाने मोडलेल्या वस्तू जिवंत होऊन त्याला जाब विचारतात. ऑपेरा न ऐकलेल्यांना यापेक्षा सोपं दार नाही. वेळ उरलाच तर स्ट्राविन्स्कीच्या 'ईडिपस रेक्स'ची १९९२ ची मात्सुमोतोची चित्रफीत, जेसी नॉर्मन आणि फिलिप लँग्रिज, सुरुवातीची पाच मिनिटं. गाणं लॅटिनमध्ये, निवेदन जपानीत.

तांत्रिक बाब. आवाजाची पातळी 'एलेक्ट्रा'च्या सर्वांत मोठ्या जागेवर आधी लावून घ्या आणि मग बटणाला हात लावू नका. 'नोव्हेंबर स्टेप्स'वर लावलीत तर एलेक्ट्राला स्पीकर फाटल्यासारखे वाजतील. मोबाइलवरून लावणार असाल तर अ‍ॅपमधला क्रॉसफेड आणि आवाज समान करणारा पर्याय दोन्ही बंद करा. ऑपेराचे ट्रॅक मध्येच तोडलेले असतात, संगीत मात्र सलग असतं. क्रॉसफेड चालू राहिला तर जोडावर दोन सेकंद दोन सूर एकमेकांवर चढतात.

---

रानपाखरू

यादी तशीच घेतो. 'एलेक्ट्रा'चे शब्द मराठीत छापून द्यावेत का? दहा मिनिटांसाठी दोन पानं होतील.

---

तारसप्तक

शब्द न् शब्द नको. ओळखीच्या प्रसंगाआधीची परिस्थिती चार ओळींत (बाप मारला गेलाय, भाऊ मेल्याची बातमी आलीय, समोरचा परका माणूस तोच आहे) आणि मधल्या सहा-सात ओळींचा मराठी मजकूर, तोही मिनिट-सेकंदासह. अर्ध्या पानात बसतं. पान लांबलं की लोक खाली बघत राहतात, आणि नाव फुटतं त्या क्षणी वर बघायला हवं ते राहून जातं. कागद 'तुरांगालीला' संपल्यावर वाटा, आधी नको.